वेसाव्याची जमात आणि आपली जमात

आठवीच्या वर्गाला आम्ही दर वर्षी एक उपक्रम देतो. आपल्या परिसराचा इतिहास लिहून आणा. आमची शाळा उर्दू माध्यमाची, अंधेरी-जोगेश्वरीच्या पट्ट्यातली. मुलांचे आईबाप कोणी आजमगढचे, कोणी बस्तीचे, कोणी मालेगावचे, कोणी आमच्यासारखे कोकणातले. वह्या तपासायला घेतल्या की दर वर्षी तोच अनुभव येतो. ताजमहाल, लाल किल्ला, फार तर हाजी अलीचा दर्गा. एका मुलाने तर सरळ लिहून टाकले होते, ‘हमारे इलाके की कोई तारीख नहीं है.’ आमच्या भागाला इतिहासच नाही. त्या ओळीखाली आम्ही लाल रेघ मारू शकलो नाही. मुलाचे घर दोन वर्षांत दोनदा हलले होते. ज्याचा पत्ताच टिकत नाही, त्याने परिसराचा इतिहास कुठून लिहावा?

म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही पंचवीस मुलेमुली घेऊन वेसाव्याला गेलो. सरकारी कागदावर वर्सोवा, मेट्रोच्या पाटीवरही वर्सोवा. पण तिथला माणूस वेसावे म्हणतो आणि स्वतःला वेसावकर म्हणवतो. घाटकोपरहून अंधेरीमार्गे येणारी मेट्रो २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाली, तेव्हापासून हे नाव लाखो प्रवाशांच्या तोंडी आहे. पण स्टेशनात उतरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की पुढे, खाडीच्या तोंडावर, मुंबईपेक्षा जुने असे एक गाव अजून नांदते आहे?

उंच इमारती मागे पडल्या आणि रस्ता अरुंद झाला. मासळीचा वास आला तशी काही मुलांनी नाकाला रुमाल लावले. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. बायका दारात बसून कोलंबी सोलत होत्या, पलीकडे जाळी दुरुस्त होत होती. वेसावे गल्ल्यांत वसलेले आहे. बाजार गल्ली, मांडवी गल्ली, डोंगरी गल्ली, शिव गल्ली अशी त्यांची नावे. अशाच एका गल्लीत पाटीवर अक्षरे होती, ‘कोळी जमात’. मराठी वाचता येणाऱ्या एका मुलीने ती मोठ्याने वाचली आणि आमच्याकडे वळून विचारले, ‘टीचर, यहाँ भी जमात है? ये लोग तो मुसलमान नहीं हैं ना?’

दारातल्या एका कोळीण मावशींना ते समजले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘आमची पण जमात हाय ना बाय. जमात नसती तर गाव कवाच गेला असता.’

मुलीचा प्रश्न आणि मावशींचे उत्तर, एवढीच या लेखाची पुंजी आहे.

जमात हा शब्द अरबी. जमा करणे, एकत्र आणणे या धातूपासून निघालेला. जुम्मा, इज्तिमा, मजमुआ ही त्याचीच भावंडे. मराठीत जमाव, जमाखर्च, जमाबंदी हेही त्याच घरचे. फारसी ही राज्यकारभाराची भाषा होती, त्या काळात हे शब्द मराठीत मुरले. कोळ्यांच्या बोलीत तर असे शब्द किती आहेत ते मुलांना आम्ही तिथेच फळ्याशिवाय शिकवले. बोटीचा मालक तो नाखवा. मूळ फारसी नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. बोटीवर काम करणारा खलाशी, हाही अरबीतून आलेला. समुद्राला दर्या म्हणायचे, बोटी लागतात ते बंदर, वादळ आले की तुफान, बोट थांबवायला लंगर. सगळी सोबत आलेली पाहुणी मंडळी आता घरची झाली आहेत. मुलांचे डोळे चमकले. ज्या भाषेत ती शिकतात त्या भाषेचे शब्द या मासळीच्या वासाच्या गल्लीत, एका हिंदू गावात, इतक्या सहज वापरले जातात हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

हे शब्द केवळ दरबारातून आले नाहीत, समुद्रातूनही आले. कोकण किनाऱ्यावर अरब व्यापाऱ्यांची ये-जा फार जुनी. अल-मसूदी हा बगदादचा इतिहासकार इ.स. ९१६ च्या सुमारास सैमूरला, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने नोंदवले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले होते, आणि इथेच जन्मलेलेही होते. राज्य हिंदू राजाचे, राष्ट्रकूटांच्या अमलाखालचे. पण मुसलमानांचे आपसातले व्यवहार आणि तंटे पाहण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने मान्य केलेला असे, हेही मसूदी सांगतो. आजपासून अकराशे वर्षांपूर्वीची ही आपल्या किनाऱ्यावरची जमात. आपण या मातीत उपरे आहोत असे ज्यांना वाटते, आणि ज्यांना तसे वाटावे अशी इतरांची इच्छा असते, त्या दोघांनीही हे पान एकदा वाचावे.

वेसाव्याने राज्ये किती पाहिली? गुजरातच्या सुलतान बहादूरशाहाने १५३४ च्या तहाने वसई आणि भोवतीची बेटे पोर्तुगीजांना दिली. खाडीपलीकडे मढच्या टोकावरचा किल्ला त्याच काळाची आठवण. १७३९ मध्ये वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी बळकावली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम राहिली. राजे बदलले, झेंडे बदलले. कोळ्यांच्या बोटी मात्र त्याच खाडीतून निघत राहिल्या. किल्ल्याला सैन्य सांभाळत होते, तो आज ओसाड आहे. गावाला जमात सांभाळत होती, ते आजही जागे आहे. यातून मुलांनी काय घ्यायचे ते घ्यावे.

गावात हिंगळादेवीचे देऊळ आहे. या देवीचे मूळ ठाणे हिंगलाज, पाकिस्तानातल्या बलुचिस्तानात, डोंगराच्या घळीत. तिथले स्थानिक मुसलमान त्या स्थानाला आदराने नानीचे मंदिर म्हणतात. ही गोष्ट सांगताच एक मुलगा म्हणाला, ‘मतलब वहाँ मुसलमान उनकी देवी को नानी कहते हैं, और यहाँ ये लोग हमारा लफ्ज बोलते हैं?’ आम्ही फक्त मान हलवली. धड्याच्या पुस्तकात राष्ट्रीय एकात्मतेवर दोन पाने असतात. ती शिकवायला आम्हाला कधी इतका कमी वेळ लागला नव्हता.

आता जमात करते काय? मावशींनी आणि गल्लीतल्या दोन वडीलधाऱ्या माणसांनी सांगितले ते असे. भांडण झाले तर आधी जमातीपुढे येते. देवळाची व्यवस्था, होळी, नारळी पौर्णिमा, लग्नातली हळद यांचे नियोजन होते. बोटी कुठे लागतील, मासळी कुठे वाळेल, कुठली जागा सगळ्यांची आहे आणि कुणी ती अडवायची नाही, हे ठरते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत अडलेल्या घराकडे पाहिले जाते. आझाद नगरच्या ‘अंधेरीच्या राजा’चे विसर्जन संकष्टीला वेसाव्याच्या समुद्रात होते, तेव्हा बोटी आणि माणसे याच गल्ल्यांमधून येतात. यातल्या कुणालाही पगार नाही. रात्री बोटीवरून आलेला माणूस सकाळी सभेला बसतो. २००६ पासून वेसाव्यात कोळी सी-फूड फेस्टिव्हल भरतो. त्यात चुलीपुढेही बायका आणि गल्ल्यावरही बायकाच असतात. हजारो परके लोक त्या निमित्ताने गावात येतात, जेवतात आणि हे गाव अजून जिवंत आहे हे बघून जातात.

पण हे गाव टिकणे सोपे नाही. मुंबईचे कोळीवाडे आणि गावठाणे यांच्या हद्दी नकाशावर नीट आखलेल्या नाहीत, ही जुनी तक्रार आहे. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने मुंबईतल्या कोळीवाड्यांची नोंद घेऊन त्यांचे नकाशे करण्यास सांगितले. २०१८ मध्ये मुंबईचा नवा विकास आराखडा मंजूर झाला, तेव्हाही सीमांकनाचा प्रश्न गाजतच होता. हद्द नसली की कायद्याच्या डोळ्यांना गाव दिसत नाही, झोपडपट्टी दिसते. आणि झोपडपट्टी दिसली की बिल्डर दिसू लागतो. समुद्राच्या बाजूने वर्सोवा-वांद्रे सागरी सेतू येतो आहे. बोटींच्या वाटेचे आणि मासळीच्या जागांचे काय, म्हणून मच्छीमार संघटनांनी हरकती घेतल्या. या हरकती लिहितो कोण, कागद जमवतो कोण, सुनावणीला जातो कोण? जमातीचीच माणसे. ज्या गावाला अशी माणसे नाहीत, त्याच्या वतीने बोलायला कोणी नसते.

हा झाला एक प्रकार, जन्माने मिळणारी जमात. वेसाव्याच्याच किनाऱ्याने दुसरा प्रकारही दाखवला आहे, आणि तो सांगितल्याशिवाय हा लेख अर्धाच राहील.

२०१५ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे अफरोज शाह आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी हरबंश माथुर असे दोघे जण वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उतरले आणि हातांनी कचरा उचलू लागले. किनारा सुमारे अडीच किलोमीटरचा. काही ठिकाणी प्लास्टिकचा थर गुडघ्याच्या वर होता. सुरुवातीला दोघेच. मग शेजारी आले, कोळी बांधव आले, वस्तीतली पोरे आली, कॉलेजची मुले आली, सिनेमावालेही आले. दर शनिवार-रविवारी काम चाले. ‘वर्सोवा रेसिडेंट व्हॉलंटियर्स’ असे त्यांचे नाव पडले. दोनेक वर्षांत पन्नास लाख किलोच्या घरात कचरा निघाला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१६ मध्ये अफरोज शाह यांना ‘चॅम्पियन ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला. या मंडळींनी वस्तीतली सार्वजनिक शौचालयेही धुतली आणि किनाऱ्यावर नारळाची झाडे लावली. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये एकदा काम थांबलेही. काढलेला कचरा उचलला जात नाही आणि स्वयंसेवकांना त्रास दिला जातो, असे सांगून शाह यांनी ते थांबवले. पुढे सरकारने दखल घेतली आणि काम पुन्हा सुरू झाले. २०१८ च्या मार्चमध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची किमान ८० पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे गेली. वीस-एक वर्षांत असे दृश्य तिथे दिसले नव्हते.

अफरोज शाह मुसलमान आहेत म्हणून आम्ही हे अभिमानाने सांगतो आहोत, असे कुणाला वाटेल. थोडा अभिमान आहेच, तो लपवणार नाही. पण मुद्दा तो नाही. स्वच्छता हा ईमानाचा अर्धा भाग आहे हे आम्ही पहिलीच्या मुलांकडून पाठ करून घेतो, आणि शाळेच्या मागच्या नाल्यात आपलाच मोहल्ला कचरा टाकतो. पाठ केलेले कुणी हातांनी करून दाखवले, हा मुद्दा आहे. त्या किनाऱ्यावर येणाऱ्याला कुणी विचारले नाही की तू कुठल्या गल्लीचा, कुठल्या गावचा, कुठल्या मसलकचा. हातमोजे घाल आणि वाक, एवढीच सभासदत्वाची अट. ही कामाने मिळणारी जमात.

आमच्या घरात जमातीची एक वही होती. रायगड जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या आमच्या गावात आजोबा जमातीचे चिटणीस होते. कोकणातल्या मुसलमान गावांत जमात म्हणजे काय ते वाचकांना सांगायला नको. मस्जिदीची देखभाल, कब्रस्तानची भिंत, मदरशाच्या मौलवीसाहेबांचा पगार, बेवारस मय्यताचा कफन-दफन, अडलेल्या मुलीचे लग्न, सगळे वर्गणीतून. मुंबईत बोटीवर किंवा गोदीत असलेले गावकरी डोंगरी-माझगावच्या खोल्यांतून पैसे पाठवत. आजोबा एकेक पैसा लिहून ठेवत. सुट्टीत आम्ही ती वही वाचत असू. एका पानावर पुरात वाहून आलेल्या अनोळखी माणसाच्या कफनाचा खर्च लिहिला होता. त्याचा धर्म कुणाला कळला नव्हता, तरी जमातीने त्याला माती दिली. ते पान वाचून आमची छाती फुलत असे.

पण त्याच वहीत, चार पाने पुढे, एका घरापुढे काट मारलेली होती. मुलीने जमातीला न विचारता लग्न केले म्हणून त्या घराशी गावाने येणे-जाणे बंद केले. त्या घरातली म्हातारी वारली तेव्हा जनाज्याला मोजकी माणसे होती. आजोबा गेले नाहीत. मरणाच्या आधी ते एकदाच त्याबद्दल बोलले. म्हणाले, ‘अनोळख्याला खांदा दिला आणि शेजारणीला दिला नाही. वही बरोबर होती, आम्ही चुकलो.’

जमातीची ही दुसरी बाजू झाकून चालणार नाही. वाळीत टाकण्याची खोड एकट्या मुसलमानांची नाही, कोकणात सगळ्याच जातींच्या गावकीत ती आहे. १९४९ मध्ये मुंबई राज्याने बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध पुन्हा कायदा केला आणि तो जुलै २०१७ मध्ये अमलात आला. कायद्याची गरज पडली यातच सर्व आले. जी जमात माणसे जोडते, तीच माणसे तोडायलाही शिकते. आणि आणखी एक. आजोबांच्या त्या वहीत वर्गणी देणाऱ्यांत बायकांची नावे होती, विधवांचीही होती. सभेला हजर असणाऱ्यांत एकाही बाईचे नाव नव्हते. वेसाव्यात मासळीचा सगळा व्यवहार बायकांच्या हातात, पण तिथेही जमातीच्या खुर्च्यांवर पुरुषच जास्त दिसतात असे मावशींनीच आम्हाला हळूच सांगितले. या बाबतीतही आपण दोघे एकाच गल्लीतले निघालो.

मग आम्हाला काय म्हणायचे आहे? जन्माची जमात हवी की कामाची? वेसाव्याने आम्हाला शिकवले ते हे की गावाला दोन्ही लागतात. जन्माची जमात आठवण सांभाळते. कुठली जागा कुणाची होती, कुठल्या वाटेने बोटी जातात, कुठला कागद कुठल्या पेटीत आहे, हे तिलाच ठाऊक असते. किनारा साफ करायला बाहेरचे हात येतील, पण गावाच्या हद्दीची लढाई वेसावकरच लढू शकतो. कामाची जमात नवे हात आणते आणि दार उघडे ठेवते. पहिली एकटी राहिली तर वाळीत टाकू लागते. दुसरी एकटी राहिली तर उत्साह सरताच विरून जाते. गाव टिकते ते पहिलीने दुसरीला दार उघडले तर.

आपल्या उपनगरातल्या मोहल्ल्यांत मस्जिदीची जमात आहे, ट्रस्टी आहेत, वर्गणी आहे. रमजानमध्ये जकात वाटली जाते, पुरात आणि दंगलीत खिचडीच्या डेगा चढतात. हे छोटे काम नाही. पण इमारतीचा पुनर्विकास आला की कागद वाचायला कोणी नसते. नाला तुंबला की तो महापालिकेचा, मुलगी शाळेतून गळाली की तो अल्लाहच्या मर्जीचा प्रश्न होतो. मोहल्ल्यात कोण कधी आले, पहिली मस्जिद पत्र्याची होती तेव्हा पत्रे कुणी दिले, पहिल्या उर्दू शाळेसाठी जागा कुणी सोडली, याची नोंद कोणाकडेच नाही. म्हणून तर आमचा विद्यार्थी लिहितो की आमच्या भागाला इतिहास नाही. इतिहास असतो, तो सांभाळणारी जमात नसते.

परत आल्यावर आम्ही वर्गाला नवा उपक्रम दिला. प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या सर्वांत जुन्या माणसाकडे जायचे आणि तीन प्रश्न विचारायचे. तुम्ही इथे कधी आलात? तेव्हा इथे काय होते? सगळ्यांसाठी म्हणून इथे कोणी काय केले? उत्तरे उर्दूत, मराठीत, भोजपुरीत, जशी येतील तशी लिहायची. चाळीस-एक पाने जमली आहेत. एका मुलीने आपल्या आजीचे लिहून आणले आहे. चाळीला नळ नव्हता, तेव्हा चाळीतल्या बायकांनी मिळून वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला होता, तीन वर्षे खेटे घातले होते. अर्जाची पिवळी पडलेली प्रत आजीच्या ट्रंकेत सापडली. त्यावर अकरा बायकांचे अंगठे आहेत. हिंदू आहेत, मुसलमान आहेत. जमात हा शब्द त्या कागदावर कुठे नाही.

ती प्रत आम्ही वर्गाच्या भिंतीवर लावली आहे. परिसराला इतिहास नाही असे लिहिणारा मुलगा आता नववीत गेला. परवा तो येऊन त्या कागदापुढे बराच वेळ उभा राहिला. मग त्याने विचारले, ‘टीचर, इनमें से कोई अभी जिंदा है?’ आम्ही म्हटले, तूच शोधून काढ. रविवारी तो निघणार आहे.